लेकरू सांगते तेव्हा आपण काय करायचं

मी नागपुरात नंदनवनला राहते आणि घरीच संध्याकाळी मोहल्ल्यातल्या लेकरांची शिकवणी घेते, चौदा वर्षं झाली. लेकरांच्या छळाबद्दल हे जे लिहून राहिली ते कोणता कोर्स करून नाही लिहीत, जे पाहिलं, जिथे चुकली आणि चुकल्यावर डॉक्टर, वकील, पोलिसातल्या ताई यांना विचारून विचारून जे समजलं ते आहे. लेकराची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, संत्र्याचे दिवस होते. चौथीतला एक पोरगा सगळे गेल्यावरही बसून होता. हातात संत्रं, एकेक फोड काढायचा, तिच्यावरचे पांढरे धागे नखानं सोलायचा आणि खायच्या ऐवजी वहीच्या कव्हरवर ओळीनं मांडून ठेवायचा. सात-आठ फोडी झाल्यावर म्हणाला, "ताई, एक गोष्ट सांगू? पण कोणाले सांगजो नको." मी लगेच म्हटलं, "नाही सांगत रे बाप्पा, सांग ना." मग त्यानं दोन-अडीच वाक्यात सांगितलं की घरी राहायला आलेला एक नातेवाईक रात्री त्याच्यासोबत काय करतो. सांगताना तो फोडींकडे नव्हता पाहत, माझ्या तोंडाकडे पाहत होता. आणि मी काय केलं, तर जोरात म्हणाली, "काय?! कधीपासून? आणि आईला काहून नाही सांगितलं?" झालं. "काही नाही ताई, गंमत करून राहिलो होतो," असं म्हणून त्यानं फोडी कंपासपेटीत भरल्या आणि निघून गेला. परत तोंड उघडायला त्याला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे तो माणूस त्याच घरात होता.

म्हणून मी सुरुवात इथूनच करते, पॉक्सो (लेकरांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) आणि हेल्पलाइन नंतर. लेकरू पहिल्यांदा सांगते तेव्हा ते आपली परीक्षा घेत असते, हे माणूस ऐकू शकते का, का घाबरून जाते, का माझ्यावरच चिडते. तीन गोष्टी माझ्या चुकल्या. एक तर कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं, जे पाळणं शक्यच नव्हतं, म्हणजे दुसऱ्यांदा विश्वास तोडायची सोय मीच करून ठेवली. दुसरं, चेहरा आणि आवाज. तिसरं म्हणजे ते "काहून नाही सांगितलं", आपण काळजीनं विचारतो पण लेकराला ते "तुझंच चुकलं" असं ऐकू येते.

मग काय म्हणायचं? मला नंतर एका समुपदेशक ताईंनी शिकवलं ते असं आहे, आणि हे अक्षरशः पाठ करून ठेवा कारण त्या वेळी डोकं चालत नाही. "तू सांगितलं ते खूप चांगलं केलं. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीच चूक नाही. आता हे थांबवायचं काम मोठ्या माणसांचं." कोणाला सांगू नका म्हटलं तर, "मी सगळीकडे सांगत फिरणार नाही, पण तुला सेफ ठेवायला एक-दोन जणांना सांगावं लागेल, आणि आधी तुला सांगूनच सांगीन." बस. खोदून खोदून नाही विचारायचं, "मग त्यानं इथे हात लावला का" असं आपल्या तोंडानं शब्द पुरवायचे नाहीत, त्यानं पुढे कोर्टात पण घोळ होतो. "आणखी काही सांगायचं आहे का" एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात कठीण आहे, तरी बसा. लेकरू झोपल्यावर त्यानं जे शब्द वापरले तेच शब्द तारीख-वेळ टाकून वहीत लिहून ठेवा, आपल्या शुद्ध भाषेत नाही, त्याच्याच.

आता लेकरू सांगू शकेल असं घर आधी बनवावं लागते, ते एका दिवसात होत नाही. आपल्याकडे काय होते, पोरगी तीन वर्षांची झाली की पाहुण्यांसमोर "जा काकाजीले पापी दे", नाही म्हटलं तर "अगं काकाजीच आहेत ना, अशी काय करते". आपण गमतीत करतो, पण यातून लेकरू शिकते की मोठ्यांनी मागितलं तर अंग द्यावं लागते. तिला नमस्कार करू द्या, टाटा करू द्या, नाही तर काहीच नको. पाहुण्याला वाईट वाटलं तर वाटू द्या, समजदार असेल तर समजेल.

अवयवांची नावं खरी शिकवा. लिंग, योनी, ढुंगण, छाती, जसं नाक-कान शिकवतो तसं आंघोळ घालतानाच. "शेम शेम" असं नाव ठेवलं की त्या जागेबद्दल बोलायची लाज आपणच देतो, आणि लेकरानं कुठे दुखते ते सांगितलं तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. ते गुड टच बॅड टच सगळ्या शाळेत शिकवतात, चांगलंच आहे, पण त्यात एक अडचण आहे. असा माणूस सुरुवातीला वाईट वाटेल असा हातच लावत नाही. तो आधी लाड करते, मोबाइलवर गेम खेळू देते, कुरकुऱ्याचं पाकीट आणते, घरच्यांची मर्जी राखते, मग गुदगुल्या, मग एक छोटी गोष्ट आणि "हे आपलं दोघांचं सीक्रेट हं". म्हणून मी लेकरांना स्पर्शापेक्षा सीक्रेटवरच जास्त शिकवते. सरप्राइज वेगळं, आईच्या बड्डेचा केक लपवून ठेवला तर तो उद्या उघडायचाच असतो. पण जे सीक्रेट कधीच उघडायचं नाही, आणि जे लपवताना पोटात कसंतरी होते, ते ठेवायचं नसते, ते सांगायचं, मग कोणीही शपथ घातली असो. आई मरेल म्हणून घातली असो की देवाची, अशा शपथेनं कोणी मरत नाही हे सुद्धा तोंडानं सांगून ठेवा, लहान लेकरांना ते खरं वाटते.

आणि मारणं बंद करा. हे मी कडक लिहिते कारण याचा थेट संबंध आहे. ग्लास फुटला म्हणून जिथे पट्ट्यानं मार बसतो त्या घरातलं लेकरू एवढी मोठी गोष्ट कशी सांगेल? त्या पोराला तो नातेवाईक हेच म्हणायचा, "तुह्या बापाले सांगितलं तर तो तुलेच मारन." आणि पोराला ते पटायचं, कारण बाप खरंच मारायचा. शाळेत मारणं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं सरळ मना आहे, मानसिक त्रास देणं पण. घरात किंवा होस्टेलात लेकराला अघोरी मारणं, उपाशी ठेवणं, टाकून देणं यावर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७५ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छळ म्हणजे फक्त लैंगिक नाही. रोज "तू मेली असती तर बरं झालं असतं" असं ऐकणारी पोरगी पण त्यातच आली.

आपल्याकडची एक खास गोष्ट. मे महिन्यात सगळ्या घराला मिळून एक कूलर, आणि लग्नसराईचे पाहुणे, मग एकाच खोलीत गाद्या टाकून दहा-बारा जण झोपतात, लेकरं जिथे जागा मिळाली तिथे. मी पण अशीच झोपली आहे लहानपणी आणि त्या आठवणी छान आहेत, पण आता मी सांगते की लेकरं आई-आजीच्या मध्ये, भिंतीकडून मोठा माणूस नको, आणि कोणाच्या शेजारी झोपायचं नाही असं लेकरानं म्हटलं तर कारण न विचारता जागा बदलून द्या. कारण नंतर, एकटं असताना, हळूच. मामाच्या गावाला महिनाभर पाठवता तेव्हा पण रोजचा फोन लेकराशी एकट्याशी व्हावा, स्पीकरवर नाही.

अनोळखी माणसाची भीती घालण्यात आपण सगळी शक्ती घालवतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास छापला होता, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा एक तरी प्रकार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, थोडे जास्तच होते. करणारे निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले होते, आणि बहुतेक लेकरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. "आमचा तर पोरगा आहे, आम्हाला काय टेन्शन" म्हणणाऱ्या आई-बाबांना मी हा आकडा नेहमी सांगते.

लेकरू बोलत नसेल तर अंग बोलते. अंथरुण ओलं होणं बंद झालेलं पुन्हा सुरू होणं. ठरावीक वारीच पोट दुखणं, म्हणजे मंगळवार-शुक्रवार दुखते आणि त्याच दिवशी एखादा क्लास असतो. घरात ४५ डिग्रीत पूर्ण बाह्यांचं शर्ट काढायला तयार नसणं. वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा बाहुल्यांसोबत तसा खेळ. कोणी दिलं ते न सांगता येणाऱ्या वस्तू. एका माणसाचं नाव निघालं की खोलीतून उठून जाणं. एकटं एखादं लक्षण म्हणजे पुरावा नाही, नवीन शाळा, आई-बाबांचं भांडण यानं पण असं होते, पण अचानक झालेला बदल दिसला की जवळ बसायचं, लक्ष ठेवायचं. समोरासमोर बसवून विचारू नका, फौजदारासारखं. मटार सोलताना, गाडीवर मागे बसलेलं असताना, डोळ्यात डोळे नसतात तेव्हा लेकरं जास्त बोलतात.

आता समजा कळलं. तर पहिले त्या माणसाला फोन करून शिव्या द्यायच्या नाहीत. मला माहीत आहे हात शिवशिवतात, पण तो सावध होते, लेकराला धमकावते, मोबाइलमधलं सगळं पुसून टाकते. आधी लेकरू त्याच्यापासून दूर. घरातलाच असेल तर लेकराला आजीकडे पाठवून तो घरात, असं उलटं करू नका, लेकराला ती शिक्षाच वाटते. जमेल तिथपर्यंत तो माणूस बाहेर गेला पाहिजे.

गोष्ट एक-दोन दिवसातली असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, हे आईला सगळ्यात कठीण जाते कारण पहिलं मन तेच होते. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमटपणानं पुरावा खराब होतो. ७२ तासाच्या आत दवाखान्यात, मेडिकल, मेयो, डागा ही आपल्याकडची सरकारी हॉस्पिटलं, कुठेही जवळ असेल तिथे. एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध आणि वयात आलेल्या पोरीला गर्भ राहू नये म्हणून गोळी, औषधाला हीच मुदत आहे, गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, पण दोन्ही जितकं लवकर तितकं चांगलं. आधी एफआयआर आणा मग तपासू असं म्हणता येत नाही, पॉक्सोच्या कलम २७ मध्ये एफआयआर नसली तरी तपासणी होते असंच लिहिलं आहे. पोरगी असेल तर लेडी डॉक्टरच तपासेल आणि आईनं किंवा लेकराच्या भरवशाच्या माणसानं सोबत राहायचं. ७२ तास उलटून गेले असले तरी न्या, उपचार तर पाहिजेतच.

फोन १०९८, चाइल्ड हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास. धोका आत्ता असेल तर ११२. आपल्या शहर पोलिसांचा बाया-लेकरांच्या मदतीसाठी भरोसा सेल पण आहे, ठाण्यात जायची भीती वाटते त्या बायांना मी तिकडे घेऊन गेली आहे. एफआयआर कोणत्याही ठाण्यात होते, "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, आणि कॉपी फुकट मिळते, घेऊनच निघा. पॉक्सो कायदा २०१२ चा, अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांना लागू. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येते, शक्यतो महिला अधिकारी, त्याही वर्दीत नाही, आणि आई-बाबा किंवा विश्वासाचं माणूस जवळ. रात्री लेकराला ठाण्यात थांबवता येत नाही. हे तुम्हाला माहीत असलं आणि तुम्ही शांतपणे म्हटलं ना, की समोरचा पण नीट वागतो. चोवीस तासात पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असते, त्यांच्याकडून केस संपेपर्यंत सोबतीला एक सहायक व्यक्ती मिळते, ती मागून घ्या.

आणि कळवणं ही आपली मर्जी नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला माहीत आहे त्यानं सांगायचंच, शेजारी, शिक्षक, डॉक्टर, मी. नाही सांगितलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, संस्थेच्या प्रमुखानं दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या मनानं सांगितलं आणि नंतर तसं काही निघालं नाही तर सांगणाऱ्यावर केस होत नाही. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही, ते पोलिसांचं.

"कपड्यावरूनच तर हात लावला, एवढं काय" हे मी खूप ऐकते, बायांकडूनही. हे तर आपल्याच शहरातल्या केसमध्ये झालं. २०१६ मध्ये इथल्या एका बारा वर्षांच्या पोरीला पेरू देतो म्हणून घरात नेलं होतं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की अंगाला अंग लागलं नाही, कपड्यावरून होतं, म्हणून पॉक्सोचं लैंगिक हल्ल्याचं कलम लागत नाही. देशभर लोक बोलले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द झाला. कोर्टानं सांगितलं की बघायचा तो लैंगिक हेतू, कातडीला कातडी लागली का ते नाही. तेव्हा हे वाक्य आता कोणी म्हटलं तर त्याला हे सांगा.

ग्रुपवर काही टाकू नका. लेकराचं नाव, फोटो, शाळा, मोहल्ला, काहीच नाही, ओळख उघड करणं गुन्हा आहे. असा व्हिडिओ कोणी पाठवला तर "बघा काय चाललं आहे" म्हणून पुढे ढकलणं पण गुन्हा, जवळ ठेवणं पण. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, तिथे नाव न देताही करता येते.

घरातला दबाव मात्र कोणत्याच कायद्यात नाही लिहिलेला. त्या पोराच्या आजीनं माझ्या दारात उभं राहून म्हटलं, "बाई, तुम्ही कायले आमच्या घरात पडून राहिल्या, पोराचं अजून लग्न व्हायचं आहे." नऊ वर्षांच्या पोराचं. त्याची आई मागे पदर तोंडात धरून उभी होती. मी आजीशी नाही बोलली, आईलाच म्हटलं, चहा घेऊ या आत. तिला दोन तास लागले. नंतर तक्रार तिनंच दिली. आईनं विश्वास ठेवला तर लेकरू किती सावरते हे मी तेव्हा पाहिलं, म्हणून सांगते, बाहेरच्या माणसानं भांडत बसण्यापेक्षा घरातलं एक माणूस लेकराच्या बाजूनं उभं करायला वेळ द्या. आणि जिथे असं कोणीच नाही तिथे १०९८ आणि समिती, थांबायचं नाही.

पुढचं बरं व्हायला वेळ लागते आणि ते सरळ रेषेत होत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि अंडा या डॉक्टरांनी हजारो मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं, १९९८ मध्ये ते छापलं. छळ, मारहाण, घरात दारू असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, जीव द्यायचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. हृदयविकारासारखे आजार पण जास्त. कारण लेकराचं शरीर सतत धोका आहे धोका आहे असं धरून वाढते, ती घंटी नंतर धोका गेला तरी वाजत राहते. आमच्या नात्यात एक ताई आहेत, पन्नाशी आली, लग्नात गेल्या तरी पाठ भिंतीला लावूनच बसतात आणि एका जुन्या हेअर ऑइलचा वास आला की ताटावरून उठतात. का ते त्यांनी पहिल्यांदा ४६ व्या वर्षी सांगितलं. तेव्हापासून त्या समुपदेशनाला जातात, झोप लागते म्हणतात आता. म्हणजे उशीर झाला तरी फायदा होते, आणि बरीच वर्षं झाली तरी गंभीर गुन्ह्याची तक्रार पण देता येते.

लेकरासाठी घरात काय करायचं, तर रोजचं रुटीन परत आणा. तीच वेळ जेवणाची, तीच शाळा, तीच क्रिकेटची टोळी. ते अचानक चिडेल, बाळासारखं वागेल, आईला चिकटेल, तेव्हा "अजून तेच घेऊन बसला का" नाही म्हणायचं. दर पाहुण्यासमोर बिचारं करून पण नाही ठेवायचं. अंगाला हात लावायच्या आधी विचारा, केस विंचरताना सुद्धा. कोर्टाची तारीख, दहावीची परीक्षा, तो नातेवाईक कुठे दिसला, असं काही झालं की जुनं वर येते, ते आधीच धरून चाला. बालमानसोपचार तज्ज्ञ मेडिकलला भेटतात, आणि फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, तुमच्यासाठी पण आहे, आई-बाबा पण यात मोडून जातात. कोर्टात आरोपी दिसणार नाही अशी सोय पडदा लावून किंवा व्हिडिओवर करता येते, वकिलांना आधीच सांगून ठेवा. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज होते, वकील पण तिथे मोफत मिळतो.

आणि जून. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी, तेवढा वेळ हातात असतो. पहिल्या पालकसभेत फी आणि युनिफॉर्म झाल्यावर हात वर करून विचारा, ड्रायव्हर-शिपाई यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालं का, कागद दाखवा. सखी सावित्री समिती, म्हणजे लेकरांच्या सुरक्षेसाठी शाळेत असायची ती, आहे का, त्यात कोण आहे, शेवटची मीटिंग कधी झाली. लहान वर्गाच्या बाथरूमजवळ मावशी असते का. बदलापूरच्या शाळेत लहान पोरींवर अत्याचार झाला त्यानंतर, २०२४ मध्ये, सरकारनं हे सगळं पुन्हा बजावलं आहे, तेव्हा विचारायला लाजू नका, आणि उत्तर गोलमोल आलं तर तेच प्रश्न लिहून द्या, पोच घ्या. व्हॅनवाल्या भाऊंचं नाव, त्यांचा नंबर, गाडीचा नंबर आणि गाडीतून शेवटी कोणतं लेकरू उतरते हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. शेवटी उतरणारं लेकरू रोज त्या गाडीत एकटं असते. ते आपलं असेल तर रूट बदलून मागा, आणि दुसऱ्याचं असेल तर त्याच्या आईला आजच फोन करा.